कोरड्या भाकरीचे दोनशे त्रेसष्ट उल्लेख

"वाघचवरे, माझं नाव जगात किती जणांनी घेतलंय, ते शुक्रवारपर्यंत सांगता येईल का?"

बिराजदार सर ग्रंथालयाच्या दारात एका पायावर उभे राहून विचारत होते. दुसऱ्या पायातला बूट काढणं चालू होतं. आमच्या ग्रंथालयात पादत्राणं बाहेर काढायचा नियम एकदा लागला होता आणि सात वर्षांनी उठलाही होता. पण उठल्याची नोटीस सरांपर्यंत पोचली नव्हती आणि तोंडी सांगायचा धीर कुणाला झाला नव्हता.

"चांगल्या अर्थाने घेतलेलं मोजायचं, सर, की सगळंच?"

"तुमच्या त्या कॉम्प्युटरला फरक कळतो का?"

"नाही. तो फक्त मोजतो."

"मग आपणही मोजू. तो शिकलेला दिसतोय."

ही २०१२ सालच्या मार्चमधली गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात मी तेव्हा ग्रंथपाल होतो, अजूनही आहे. डॉ. श्रीशैल बिराजदार पोटविकार विभागाचे प्रमुख. तीस वर्षं ते नळी घालून लोकांच्या पोटात डोकावत होते आणि निवृत्तीला नऊ महिने उरले होते. देशभरातल्या पोटाच्या डॉक्टरांची एक संस्था दर वर्षी एकाच ज्येष्ठ डॉक्टरला मानाची फेलोशिप देते. यंदा सरांचं नाव पुढे होतं. अर्जाला एक प्रमाणपत्र जोडायचं होतं. उमेदवाराचे शोधनिबंध किती, इतर संशोधकांनी आपापल्या निबंधांत त्यांचा उल्लेख किती वेळा केला, आणि हे सगळं तपासून खरं आढळल्याची ग्रंथपालाची सही. या उल्लेखांना आमच्याकडे सायटेशन म्हणतात. डॉक्टर किती मोठा हे हल्ली त्यावर ठरतं. पेशंट किती बरे झाले त्याचा रकाना त्या फॉर्मात नव्हता.

डीनसाहेबांचा त्याआधीच दोनदा फोन येऊन गेला होता. "आपल्या कॉलेजात आजवर कुणाला काही मिळालेलं नाही, वाघचवरे. सही नीट करा. शिक्का वाकडा मारू नका."

सर माझ्यासमोर बसले. बसले म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकले. स्वतःचं काम घेऊन आले की ते असेच टेकत.

"मला त्या फेलोशिपचं तसं काही नाही," ते म्हणाले. ज्याला तसं काही असतं तो माणूस बोलतो त्याच आवाजात म्हणाले. "आमचा थोरला भाऊ वकील होता. घरात चार माणसं जमली की म्हणायचा, शिऱ्यानं जन्मभर लोकांच्या ढेकरा मोजल्या. सगळे हसायचे. मीही हसायचो. तो गेला गेल्या वर्षी. नाहीतर हा आकडा त्याला नेऊन दाखवला असता."

"वहिनींना दाखवा, सर."

"त्या जास्त हसायच्या."

मी दोन दिवस मोजत बसलो. सरांचे एकूण एकोणीस निबंध. त्यांचे मिळून तीनशे सत्तेचाळीस उल्लेख. त्यातले अठरा निबंध मिळून चौऱ्याऐंशी. उरलेले दोनशे त्रेसष्ट उल्लेख एकट्या एका निबंधाचे. तो १९९८ सालचा, भाकरीचा.

भाकरीचा निबंध आमच्या भागात तरी प्रसिद्ध होता. ज्वारीची भाकरी आणि गव्हाची पोळी, दोन्हींचं वजन सारखं, सोबत मोजून घेतलेलं साधं वरण. चोवीस निरोगी माणसं. प्रत्येकाला एकदा पोळी आणि आठवड्यानंतर एकदा भाकरी द्यायची, मग दर पंधरा मिनिटांनी पोटावर सोनोग्राफी करून अर्धं पोट रिकामं व्हायला किती वेळ लागतो ते लिहायचं. भाकरीला पोळीपेक्षा सरासरी चाळीस मिनिटं जास्त लागली. पोट भाकरी धरून ठेवतं, असा निष्कर्ष निघाला. जगाला तो आवडला. मधुमेहाच्या आहारतज्ज्ञांनी उचलला, धान्यवाल्यांनी उचलला, एका जाडजूड पाठ्यपुस्तकात त्याला दोन ओळी मिळाल्या. दोनशे त्रेसष्टांपैकी चाळीसेक जणांनी त्याचा पान क्रमांक एकसारखाच चुकीचा दिला होता. म्हणजे एकाने चुकवला आणि बाकीच्यांनी त्याच्याकडून घेतला. मूळ निबंध उघडायची तसदी कुणी घेतली नव्हती.

दोनशे एकेचाळीसाव्या उल्लेखापाशी मात्र मी थांबलो. परदेशातल्या एका गटाने सोलापूरहून मालदांडी ज्वारी मागवून, भाकऱ्या थापून, सगळा प्रयोग पुन्हा केला होता. त्यांना भाकरी आणि पोळी यांत काही फरक मिळाला नव्हता. खाली सभ्यपणे लिहिलं होतं की, मूळ निष्कर्ष आम्हाला का मिळाला नाही याचं कारण आम्हाला सांगता येत नाही.

त्या कारणाचा चोविसावा हिस्सा मला सांगता आला असता.

कारण त्या चोवीस जणांत मी होतो. नग क्रमांक नऊ.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, ग्रंथालयात सहाय्यक, खोली करून एकटा राहणारा. सरांनी नोटीस लावली की प्रयोगाला निरोगी माणसं हवीत, नाश्ता मिळेल. मी निरोगी असल्याचं मला नाश्त्याचं वाचून कळलं. आदल्या संध्याकाळपासून उपाशी राहून सकाळी आठला विभागात जायचं. भाकऱ्या करायला होस्टेलच्या मेसमधल्या शेवंतामावशी कोळेकर यायच्या. सरांची निवासी डॉक्टर तव्यावरून उतरलेली भाकरी तराजूवर ठेवायची, वजन वहीत लिहायची आणि सोनोग्राफीचं मशिन चालू करायला आत जायची. ताट मावशी लावायच्या. पोळीच्या दिवशी त्यांनी पोळी वाढली आणि गेल्या. भाकरीच्या दिवशी मात्र त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कमरेची स्टीलची डबी काढली, भाकरीचा पापुद्रा नखाने उचलला, आत दोन बोटं लोणी सारलं आणि पापुद्रा परत दाबून बसवला. दोन्ही भाकऱ्यांना. वरून काही कळत नव्हतं.

"गप खा," त्या कुजबुजल्या. "कुनाला बोलू नगंस. तू लई रोडावलायस म्हनून देतीया. तुज्यापुरतंच हाय."

मी गप खाल्लं. आई गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. माझ्या ताटात आपण होऊन कुणी काही टाकल्याला तेवढेच दिवस झाले होते.

पुढे निबंध छापून आला, गाजला आणि मला अधूनमधून टोचायला लागलं. पण मी हिशेब केला होता. चोविसांत एक चुकला तर सरासरीला काय होतंय? एका शेवंतामावशीच्या मायेने विज्ञान बुडत नाही. अशी चौदा वर्षं गेली. आता मात्र "तपासून खरं आढळलं" या वाक्याखाली मला सही करायची होती, आणि समोर तो परदेशी गट कारण विचारत उभा होता.

म्हटलं, सही करण्याआधी एकदा मावशींना भेटून यावं. त्यांना तरी आठवतंय का पाहावं. नसेल आठवत तर मलाही विसरायला हरकत नव्हती.

मावशी मेसमधून निवृत्त होऊन कॉलेजमागच्या वस्तीत मुलाकडे राहत होत्या. मी गेलो तेव्हा दुपारचं जेवायला बसल्या होत्या. ताटात गुरगुट्या भात आणि पातळ वरण. शेजारी चुलीवर सून भाकऱ्या थापत होती आणि मावशी त्या आवाजाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"आता गं बया, वाघचवऱ्याचा पम्या! बस की. भाकरी खातूस का?"

"तुम्ही भात खाताय, मावशी?"

"मला भाकरी बंद हाय. सा वरीस झालं." त्यांनी भात कालवला. "साखर हाय मला. त्यानं प्वाट सावकाश झालंय म्हनं. बिराजदार सायबांनीच सांगितलं, मावशी, भाकरी पोटात बसून ऱ्हाती, तुमी भाकरीला हात लावू नका. कुटल्यातरी मोठ्या पुस्तकात लिव्हलंय म्हनले."

मी शेजारी टेकलो.

"जलमभर भाकरी थापली रं. आता सुनंची भाकरी फुगली का करपली, त्येबी बघायला जीव हुईना. वास आला तरी जीव कासावीस हुतुया." मग एकदम हसून म्हणाल्या, "तू कसा काय वाट चुकलास?"

मी आवाज खाली आणला. "मावशी, तो सरांचा प्रयोग आठवतोय? भाकरीचा? तुम्ही मला गुपचूप लोणी दिलं होतं, एकट्याला."

"तुला येकट्याला?" मावशींचा घास हातातच राहिला. "आरं, समद्यांस्नी दिल्तं की."

"सगळ्यांना?"

"मग? रातीपास्नं उपाशी लेकरं. सकाळच्या पारी त्यांच्या म्होरं कोरडी भाकरी टाकायची? माज्या हातनं? पोळी वरनासंगं जाती घशाखाली. भाकरीला काय तरी नगं का? आमच्यात दारावर आलेल्याला बी कोरडी देत न्हाईत."

"पण मला तर म्हणालात, तुझ्यापुरतंच आहे!"

"समद्यांस्नी तसंच म्हनायची," मावशी शांतपणे म्हणाल्या. "त्यानं लोनी जास्त ग्वाड लागतंय."

इथे मला दोन धक्के बसले आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिला धक्का विज्ञानाचा नव्हता. चौदा वर्षं मी स्वतःला मावशींचा लाडका समजत होतो. दुसरा धक्का वस्तीच्या टोकापर्यंत चालत आल्यावर बसला. चरबी पोटात गेली की पोट सावकाश रिकामं होतं, एवढं मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालालाही वाचून वाचून माहीत होतं. ती चाळीस मिनिटं भाकरीची नव्हतीच. लोण्याची होती. परदेशातल्या पाठ्यपुस्तकातल्या त्या दोन ओळी शेवंतामावशींनी दोन बोटांनी लिहिल्या होत्या, आणि त्याच ओळींनी त्यांची स्वतःची भाकरी तोडली होती.

सर ओपीडीत होते. मी आत गेलो तेव्हा समोर एक निवृत्त गुरुजी बसले होते, धोतर, काळी टोपी.

"भाकरी बंद म्हणजे पूर्ण बंद का, डॉक्टर?"

"पूर्ण बंद. तुमचं पोट आधीच मंद आहे, गुरुजी."

"सणासुदीला?"

"सणासुदीला पुरणपोळी असते की."

"ते झालं. पण एरवी मग जेवलो असं वाटायचं कशानं?"

गुरुजी उठून गेले. मी दार लावलं, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लोणी, डबी, पापुद्रा, चोवीस जण. मावशींचा गुरगुट्या भातही सांगितला.

सर बराच वेळ टेबलावरचा कागद दाबायचा काचेचा गोळा फिरवत राहिले.

"तुम्ही नऊ नंबर," ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला पोळीला शहाऐंशी मिनिटं लागली होती. भाकरीला एकशे अठ्ठावीस."

"तुम्हाला आठवतंय, सर?"

"मला चोवीसच्या चोवीस आठवतात. तुमचा आलेख सगळ्यांत सुबक आला होता. सेमिनारमध्ये मी तोच दाखवायचो." गोळा थांबला. "तेव्हा बोलला का नाहीत?"

"चांगलं लागत होतं, सर."

"आणि नंतर?"

"नंतर उल्लेख वाढत गेले."

सरांनी मान हलवली. कुठल्या उत्तराला हलवली ते कळलं नाही.

"म्हणजे चोवीस माणसांनी चौदा वर्षं एक गुपित सांभाळलं. आणि या कॉलेजात बदलीची बातमी चहा येईपर्यंत टिकत नाही."

"प्रत्येकाला वाटत होतं सर, आपल्यालाच एकट्याला."

"हं."

मी तिथे एक गोष्ट केली, ती लपवत नाही. म्हणालो, "सर, प्रमाणपत्रात उल्लेख किती एवढंच तपासायचंय. दोनशे त्रेसष्ट आहेत, हे तर खरंच आहे. निबंध बरोबर आहे का, हे कुणी विचारलेलं नाही."

"तुम्ही सही कराल?"

"तुम्ही म्हणालात तर करेन."

ते खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर गुरुजी औषधाच्या रांगेत उभे होते. "उद्या सांगतो," सर म्हणाले. त्या 'उद्या'मुळे सर मला आजही जास्त जवळचे वाटतात. तिथल्या तिथे कागद फाडला असता तर मी त्यांना नुसता नमस्कार केला असता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ते ग्रंथालयात आले तेव्हा हातांत प्रयोगशाळेचा तराजू होता. दोन्ही हात अडकल्यामुळे बूट काढता येत नव्हते, म्हणून दारातूनच म्हणाले, "चला. मावशींचं घर दाखवा."

डॉक्टरसाहेब तराजू घेऊन अंगणात आलेले पाहून मावशी पदर सावरत उठल्या. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती अजून लक्षात आहे.

"माजं काय चुकलं का, सायब? ह्यो पम्या काय बोलला काय?"

"तुमचं नाही चुकलं, मावशी. माझं चुकलं. मी चोवीस जणांची पोटं दर पंधरा मिनिटांनी तपासली. वाढणाऱ्या बाईला एकदाही काही विचारलं नाही." ते पायरीवर बसले आणि तराजू फरशीवर ठेवला. "घरात लोणी आहे का?"

"हाय की. म्हैस हाय दारात."

"मग तेव्हा घालायचात तेवढं घ्या दोन बोटांनी, आणि या वाटीत ठेवा."

मावशींनी घेतलं. सरांनी वजन केलं, खिशातल्या वहीत लिहिलं, लोणी परत भांड्यात टाकलं. "परत घ्या." मावशींनी परत घेतलं. असं दहा वेळा. सून दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती. सातव्या वेळेला मावशी म्हणाल्या, "सायब, घ्यायचं तर येकदा घ्या की. लाजताय कशापायी?"

सरांनी बेरीज केली, भागाकार केला, चष्मा काढून पुसला.

"अकरा ग्रॅम. दहा वेळांत एका ग्रॅमचाही फरक नाही." ते माझ्याकडे वळले. "वाघचवरे, माझ्या एकाही निवासी डॉक्टरचा हात इतका स्थिर नाही. त्या प्रयोगात बिनचूक गोष्ट एकच होती, आणि ती मी लिहिली नाही."

"म्हंजे बरुबर हाय का चूक?" मावशींनी विचारलं.

"बरोबर आहे. फक्त सांगायला हवं होतं."

"सांगितलं आसतं तर तुमी घालू दिलं आसतं का?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग?" मावशी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "चौऱ्याऐंशी लिहा."

मी चौऱ्याऐंशी लिहिलं. खाली शेरा लिहिला: एका निबंधाची फेरतपासणी चालू असल्याने त्याचे उल्लेख धरलेले नाहीत. सही केली आणि शिक्का सरळ मारला. डीनसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि तीनशे सत्तेचाळीसातून चौऱ्याऐंशी कसे उरले हे मला उभं ठेवून विचारलं. मी म्हणालो, लोण्यामुळे. त्यांनी मला घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. फेलोशिप त्या वर्षी अकराशे उल्लेखवाल्या एका डॉक्टरांना मिळाली. सरांनी त्यांना अभिनंदनाचं पत्र माझ्याच टेबलावर बसून लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं काढलं.

मग चार महिने सरांनी प्रयोग पुन्हा केला. माणसं सहाच. जुन्या चोविसांतली सापडली तेवढी, त्यात मी. पोळी, कोरडी भाकरी आणि बावीस ग्रॅम लोणी घातलेल्या दोन भाकऱ्या, असं तिन्ही. भाकरी मावशीच करायच्या, आणि या वेळी निवासी डॉक्टर मशिनकडे जाताना डबी बरोबर घेऊन जायची. कोरड्या भाकरीला पोळीइतकाच वेळ लागला. परदेशी गटाचं बरोबर होतं. मूळ निबंध छापणाऱ्या मासिकाला सरांनी दीड पानाची दुरुस्ती पाठवली. त्यात एक वाक्य आहे, ते मी कॉलेजच्या फळ्यावर लावायचा प्रयत्न केला होता, डीनसाहेबांनी काढायला लावलं: "मूळ प्रयोगातील आहारात प्रत्येकी बावीस ग्रॅम लोणी होते, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने ते सहभागी उपाशी असल्यामुळे घातले होते व संशोधकाने त्याबद्दल विचारणा केली नव्हती." लेखक दोन. एस. एच. बिराजदार आणि एस. डी. कोळेकर.

आज त्या मूळ निबंधाचे उल्लेख चारशेच्या वर गेले आहेत; दुरुस्ती छापून आल्याचं बहुतेकांना माहीत नाही, आणि पान क्रमांक अजून तोच चुकीचा देतात. दुरुस्तीचे उल्लेख तीन. त्यातला एक त्या परदेशी गटाचा, दोन ओळींचा, आभाराचा. दर जानेवारीत मी कॉलेजच्या सगळ्या संशोधकांची यादी काढतो तेव्हा कोळेकर हे नावही घालून पाहतो. एक निबंध, तीन उल्लेख. आमच्या आत्ताच्या डीनसाहेबांचे दोन आहेत.

पण मला सांगायचंय ते याच्याही आधीचं, दुरुस्तीचा अंक आला त्या दिवसाचं. डिसेंबरचे दिवस होते. सरांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. ते अंक घेऊन मावशींकडे निघाले आणि मला बरोबर घेतलं. मावशींनी पानावरच्या आपल्या नावावरून हात फिरवला. वाचता येत नव्हतं, तरी नाव कुठे आहे ते त्यांनी सरांच्या बोटाआधी ओळखलं.

"ह्ये कोन कोन वाचनार?"

"फार कुणी नाही, मावशी," सर म्हणाले. "पण ज्याला भाकरी सोडायला सांगायची असेल, त्याने वाचायला पाहिजे. गुरुजींना मी परवाच सांगितलं. आता तुमचं. आजपासून भाकरी सुरू करा. एक, लहान, चावून चावून. त्रास झाला तर मला कळवायचं."

मावशींचे डोळे सुनेच्या परातीकडे गेले.

"फक्त लोणी नाही," सर म्हणाले.

"कोरडी?"

"कोरडी. तुमच्या पोटाला चरबीच जड आहे. भाकरीचा काही दोष नव्हता."

जन्मात ज्या बाईने कुणाच्या ताटात कोरडी भाकरी टाकली नव्हती, तिला आता रोज ती स्वतःच्या ताटात घ्यायची होती. मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "सरक तिकडं. मी थापती." आणि आम्हाला म्हणाल्या, "तुमीबी बसा. मी येकटी कोरडी खायाची न्हाई. तिघंबी कोरडी खाऊ."

"बसतो की," सर म्हणाले. "वाघचवरे, बूट काढा."

तीन ताटं मांडली गेली. मावशींनी थापलेल्या भाकऱ्या टम्म फुगल्या. आमची पानं त्यांनी आमच्याकडे पाठ करून वाढली आणि मग आपलं ताट घेऊन समोर बसल्या. आपली भाकरी त्यांनी आमच्यादेखत मोडली. कोरडी ठणठणीत होती, वाफ तेवढी निघाली. पहिला घास तोंडात गेला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. सहा वर्षांनी खात होत्या. आम्ही दोघांनी दुसरीकडे पाहिलं.

मी माझी भाकरी मोडली. पापुद्रा सुटला आणि आतून लोणी ओघळून माझ्या मनगटापर्यंत आलं.

मी सरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून चावत होते. त्यांची बोटं चकाकत होती.

"कशी झालीया, सायब?" मावशींनी विचारलं.

सरांनी शांतपणे खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसलं आणि रुमाल घडी करून परत ठेवला.

"कोरडी आहे, मावशी," ते म्हणाले. "अगदी कोरडी."